बिनगावाची भाषा

माझ्या तोंडात आयुष्यभर तीन भाषा राहिल्या आणि तिन्हींनी मला कधी ना कधी रडवलं. वऱ्हाडी मायच्या दुधाबरोबर आली. पुस्तकी मराठी शाळेत छडीबरोबर आली. आणि इंग्रजी आली ती खामगावच्या एका जीनच्या आवारात, बंगल्याच्या मागच्या ओट्यावर, कांदे सोलता सोलता. लोक विचारतात, "बाई, तुमचं इंग्रजी इतकं स्वच्छ कसं हो?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेते. खरं सांगायला बसले तर विचारणाऱ्याचा चहा गार व्हायचा.

तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. काही मोठं काम निघालं की नागपूर गाठावं लागे. माझे बाबा मूळचे वडनेर भोलजीचे. भावाभावांत वाटणी झाली तेव्हा त्यांनी आपल्या वाट्याचं शेत मोठ्या भावाला कसायला दिलं आणि खामगावला येऊन कापसाच्या जीनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, मुकादम झाले. हंगामात त्या आवारात पाय ठेवायला जागा नसे. कापसाच्या गाड्यांच्या रांगा, सरकीचा वास, आणि हवेत इतकी रुई की संध्याकाळी बायांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत. यंत्रांच्या घरघरीत हळू बोललेलं ऐकू जात नसे, म्हणून बाबा दिवसभर ओरडून बोलायचे आणि घरी आल्यावरही तोच आवाज लावायचे. माय म्हणायची, "अवो, मी का बॉयलर हाय काय? हळू बोला ना जरासे."

हायस्कुलात आम्ही मुली बोटांवर मोजण्याइतक्या. इंग्रजीचे मास्तर पुण्याकडचे होते. मनाने वाईट नव्हते, पण आमची बोली त्यांच्या कानाला टोचायची. एकदा मला उशीर झाला. का झाला म्हणून त्यांनी विचारलं. मी उभी राहून म्हणाले, "मायले बरं नव्हतं सर, मले भाकरी टाका लागल्या." झालं! मास्तर गालात हसले आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला. वर्गातले सगळे वऱ्हाडीच होते बरं का, घरी सगळे 'मले-तुले'च करणारे. तरी मास्तर हसले की हे मेले आधी हसणार. मला मास्तरांपेक्षा त्यांचाच जास्त राग यायचा. मास्तर म्हणाले, "मुली, तुझा पेपर पाहिला की वाटतं तू हुशार आहेस. तू तोंड उघडलंस की विश्वास बसत नाही."

हे मी घरी सांगितलं. बाबा जेवत होते. त्यांनी घास तसाच हातात धरला.

"हाव," ते म्हणाले, "मराठी बोलशीन तं ते हसतीनच. मराठीले गाव असते, पोरी. तोंड उघडलं का समजते, ही वडनेरची, हा मेहकरचा, तो पुण्याचा. इंग्रजीले गाव नसते. साहेब बोलला का साहेब. कोणी विचारते काय त्याले, तू कोणत्या गावचा म्हणून?"

"पण इंग्रजी त मास्तरच शिकवतेत ना," मी म्हटलं.

"मास्तर कोणापासून शिकले? दुसऱ्या मास्तरापासून. अन् आपल्या आवारात खरीखुरी साहेबाची बाई बसली हाय. तिले सोडून मास्तरले कायले विचारायचं?"

या तर्कात काय चुकलं होतं? त्या दिवसांत खामगावात कोणालाही विचारा, वकिलाला विचारा नाहीतर कापसाच्या दलालाला, त्याने हेच सांगितलं असतं. आमच्या डोळ्यांना गोरा तो गोरा, साहेब तो साहेब. त्यांच्यातही उतरंड असेल, ओटीवरचे आणि मागच्या दारचे असतील, हे आमच्या मनातही आलं नाही.

जीनचं इंजिन सांभाळायला विलायतेहून आलेले एक साहेब होते. सगळे त्यांना इंजनवाले साहेब म्हणत. त्यांची बायको ती मडमबाई. मूलबाळ नव्हतं. बाबांनी साहेबाला विचारलं, साहेबाने मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी मी त्या बंगल्याच्या मागच्या दाराशी उभी. मडमबाई बाह्या दुमडून पीठ मळत होती. दंड चांगले जाडजूड, हात कामाने रापलेले. खानसाम्याला तिने केव्हाच हाकलून दिलं होतं, कारण दुसऱ्याने आपल्या चुलीला हात लावलेला तिला खपत नसे. मला पाहून ती मोठ्याने काहीतरी म्हणाली आणि पाट पुढे सरकवला. मला एक शब्द कळला नाही, पण पाट कळला.

आमचं ठरलं ते असं. ती मला इंग्रजी शिकवणार आणि मी तिला बाजारापुरतं मराठी. आता मी दुसरं कोणतं मराठी शिकवणार होते? महिन्याभरात मडमबाई भाजीवालीला "काऊन व, कितीले देतं?" म्हणू लागली. एकदा किराणा दुकानदाराला ती चक्क "काय बे" म्हणाली. तो दुकानदार बिचारा आयुष्यभर ती गोष्ट सांगत फिरला.

मायची एकच अट होती. बंगल्यावरून आलं की परसात लुगडं बदलायचं, हातपाय धुवायचे, मगच चुलीपाशी यायचं. "तिच्या घरचं पाणी पेऊ नको बरं," हे रोज. मी पाणी पीत नसे. चहा प्यायचे. चहाबद्दल माय काही बोलली नव्हती.

मडमबाई बोलायची ती तोंड मोठं उघडून, ओठ चांगले ताणून. तिने मला सांगितलं की तिच्या गावी कापडाच्या गिरण्या आहेत, लहानपणी तीही गिरणीत जायची, आणि मागांच्या खडखडाटात बाया एकमेकींचे ओठ पाहून बोलतात. मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या जीनमधल्या बायाही तशाच बोलायच्या. दुपारच्या सुट्टीत मडमबाई कुंपणाशी उभी राहून त्यांच्याशी नुसत्या ओठांनी गप्पा मारायची. दोन्ही बाजूंना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी खो खो हसणं चालायचं. भुवयांवर रुई घेऊन हसणाऱ्या त्या बाया आणि अलीकडे ही, असं माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे.

तिचं इंग्रजी मास्तरांच्या इंग्रजीसारखं नव्हतं, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मास्तर 'कप' म्हणत, ही 'कुप' म्हणे. मास्तरांचं 'बटर' हिचं 'बुटर'. 'हाऊस'मधला 'ह' ती सरळ गिळून टाकायची, नुसतं 'आउस' म्हणायची. मी एकदा विचारलं की शाळेत तर वेगळं सांगतात. तिने पीठ मळता मळता विचारलं, तुझे मास्तर कधी विलायतेला गेलेत का? मी म्हटलं, नाही. मग झालं तर, ती म्हणाली. मलाही ते पटलं. 'पाहिजे'चं 'पायजे' करणाऱ्या माणसांतली मी, मला तो गिळलेला 'ह' उलट घरचाच वाटला.

दोन-तीन वर्षांत मी इंग्रजी अशी बोलायला लागले की कुठे अडखळायचं नाव नाही. विचार मनात यायचा तोच इंग्रजीत. मास्तरांनी माझ्यादेखत इंग्रजी बोलायचं जवळजवळ सोडूनच दिलं. माझं काही वेगळं ऐकू आलं तरी त्यांना वाटायचं, हिचं खरं, आपलंच कुठेतरी चुकत असणार. सूड उगवल्याचं सुख काय असतं ते मी त्या वर्षी भरपूर भोगलं. वर्गात मुद्दाम हात वर करायचे. मॅट्रिकला मला इंग्रजीत चांगले गुण पडले आणि बाबांनी जीनभर पेढे वाटले.

त्याच सुमारास सरकारने मुलींच्या शाळांत इंग्रजी शिकवायला शिक्षिका तयार करायचं काढलं. नागपूरला राहायची-जेवायची सोय, वर विद्यावेतन. फक्त मुलाखतीत निवड व्हायला हवी. इकडे वडनेरहून मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, वरवट बकालचं एक स्थळ घेऊन आले. घर चांगलं, जमीन काळी, पोरगा सालस. नाही म्हणायला एकही कारण सापडत नव्हतं, तीच पंचाईत होती. मोठेबाबा म्हणाले, "पोरगी शिकली, बास झालं. आता काय तिले कलेक्टर करतं?" बाबांनी भावाला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाले, "नागपूरले जाऊन येऊ द्या दादा. तिथं घेतलं तं पोरगी शिकीन. नाही घेतलं तं तुमी म्हणसान तसं." म्हणजे माझं सगळं त्या एका मुलाखतीवर येऊन ठेपलं. मला लग्नाची भीती नव्हती. मला शिकवायचं होतं, दुसरं काही नको होतं. खडू हातात धरून फळ्यासमोर उभं राहायचं, इतकंच, आणि त्यासाठी माझा जीव तुटत होता.

नागपूरच्या त्या खोलीत टेबलामागे दोन माणसं होती. एक मुलींच्या शाळांच्या तपासनीस बाई, गोऱ्या, सडपातळ, केस चापून बांधलेले. शेजारी खात्यातले आपल्याकडचे एक वयस्कर गृहस्थ, काळा कोट, कपाळाला गंध. बाबा बाहेर कडुनिंबाखाली शिदोरी घेऊन बसले होते.

बाईंनी विचारलं, तू राहतेस तिथलं काही सांग. मी सुटलेच! कापूस कसा येतो, सरकी कशी निघते, रुईची गठाण कशी बांधतात, हंगामाचं पहिलं इंजिन सुरू होतं तेव्हा नारळ कसा फोडतात. पहिल्या वाक्याला बाईंच्या भुवया वर गेल्या. मला वाटलं, खूश झाल्या. मग त्यांनी ओठ दाबून धरले. मग रुमाल काढून तोंडाशी नेला. शेजारचे गृहस्थ मात्र हरखून गेले होते. मी थांबल्यावर ते बाईंना म्हणाले, "कमाल आहे! ही तर अगदी तुमच्या देशातल्यासारखी बोलते."

"हो," बाई म्हणाल्या, "तेच तर."

मग त्यांनी मला विचारलं, "तू कोणाच्या स्वयंपाकघरात कामाला होतीस?"

त्यांनी ते कुत्सितपणे विचारलं नाही, सहज विचारलं, जसं आपण एखाद्याला विचारतो की कुठून आलात. मी म्हणाले, कामाला नव्हते, इंजिनवाल्या साहेबांच्या बाईंकडे शिकायला जात होते. "अच्छा," त्या म्हणाल्या, आणि त्या 'अच्छा'बरोबर सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

मी विचारलं, "माझं काही चुकलं का?"

"एकही चूक नाही. तू सांगितलंस ते उत्तम होतं. पण मुली, तू बोलतेस ती आमच्याकडे गिरणीत राबणाऱ्या लोकांची बोली आहे. विलायतेत तुला असं बोलताना कोणी ऐकलं तर ही शाळेत गेली असेल, हिला काही समजत असेल, असं त्याला वाटणार नाही. चांगल्या घरच्या मुली तुझ्याकडून हे उचलतील. त्यांच्या आईवडिलांना मी काय सांगू?"

मास्तरांनी 'मले' ऐकून गालात हसावं, तेव्हा त्यांचा चेहरा अगदी असाच व्हायचा. कातडीचा रंग तेवढा निराळा. मला रडू आलं नाही. माझे कान गरम झाले, आणि इतकी मेहनत करून मी फिरून त्याच बाकावर येऊन उभी राहिले, असं वाटलं.

बाईंनी दार पुरतं लावलं नाही. त्या म्हणाल्या, पावसाळा संपला की काही जागांसाठी पुन्हा मुली पाहू. तोवर ही बोली जिभेवरून गेली तर ये. आणि त्या घरी इंग्रजी शिकायला जाणं बंद कर.

परतीच्या गाडीत बाबांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. अकोला गेलं, शेगाव गेलं. जलंबला खामगावची गाडी धरायला आम्ही फलाटावर बसलो तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, इतक्या हळू की मला वाटलं त्यांना बरं नाही.

"म्हंजे त्याइच्याइकडंही वऱ्हाड हाय?"

"हाव बाबा."

"अन् आपली मडमबाई तिथली?"

"हाव."

त्यांनी डोक्याचा रुमाल काढून गुडघ्यावर ठेवला आणि पुन्हा बांधला. मग म्हणाले, "तिले सांगू नको, माय. जीव लावून शिकोलं तिनं तुले."

मी सांगणार नव्हतेच. दुसऱ्या दिवशी मडमबाईने विचारलं तेव्हा मी म्हणाले, पावसाळ्यानंतर पुन्हा बोलावलंय, गणितात कमी पडले. तिने हातातला चाकू खाली ठेवला. मुलाखत घ्यायला कोण होतं, तिने विचारलं. मी म्हटलं, एक बाई. आमच्याकडची? हो. तिने काय विचारलं तुला? मी समोरचा कांदा उचलून सोलू लागले. माझ्या तोंडाकडे पाहून तिला सगळं कळलं असणार, कारण ओठ हलले नाहीत तरी वाचायची तिला सवयच होती.

ती मग आपल्या इंग्रजीत जे बोलली ते मी वऱ्हाडीतच सांगते. पुस्तकी मराठी तिच्या तोंडी शोभत नाही.

"मले ठाऊक होतं," ती म्हणाली. "मी इथं नवी आली होती तवाची गोष्ट. बुलढाण्याले मोठ्या साहेबाच्या बंगल्यावर चहाले बलावलं. मी नवा झगा शिवून गेली. तिथल्या बाया मले म्हणेत, काय म्हटलं, पुन्हा सांगा ना. मी पुन्हा सांगो. त्या एकमेकीइकडं पाहेत. मले वाटे, माहं बोलणं त्याइले आवडून राह्यलं. वापस येताना आमच्या साहेबानं सांगतलं, तुही थट्टा करून राह्यल्या होत्या त्या. मंग मी पुन्हा गेली नाही, अन् त्याइनं बलावलंही नाही."

"ठाऊक होतं, मंग मले काऊन शिकोलं तसं?" मी ओरडलेच.

"माह्यासारखं बोलणारं इथं कोणीच नव्हतं. साहेब तं घरी बोलतच नाही. तू पहिल्यांदा 'आउस' म्हटलं ना, मले वाटलं माही बहीणच बोलली. मले तुहं बोलणं सुधरवा लागत होतं. माहं मन नाही झालं."

मी उठून चालू लागले. इतका राग मला आयुष्यात त्यानंतर कधी आला नाही. तिचा आला, त्या तपासनीस बाईचा आला, बाबांचा आला. तुमच्या एकटेपणासाठी माझी जीभ वापरली काय तुम्ही? असं घोकत मी घरी आले आणि परसातल्या दगडावर लुगडं असं आपटलं की माय म्हणाली, "फाडतं काय व ते?"

चार-दोन दिवसांनी मडमबाई आमच्या दारात येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. वैशाखाचं ऊन, आणि तिच्या डोक्यावर टोपी, हातात पांढरे मोजे. मायची तारांबळ उडाली, हिला बसवावं कुठे आणि द्यावं काय. मडमबाई बसली नाहीच. मला म्हणाली, "चाल."

आम्ही गावाबाहेर मिशनच्या बंगल्यावर गेलो. तिथे एक पाद्रीणबाई राहत. अनाथ मुलींची शाळा चालवत. बुलढाण्याच्या चहाला जाणाऱ्यांतल्या एक. त्यांनी आम्हाला ओसरीत उभं केलं. मडमबाईने सांगितलं की या मुलीला बोलायला शिकवा. पाद्रीणबाई किंचित पुढे वाकून म्हणाल्या, "काय म्हणालात?" मडमबाईने पुन्हा सांगितलं. "माफ करा, काय म्हणालात?" मडमबाईचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. सगळं बोलणं स्पष्ट होतं. मला, वडनेरच्या मुकादमाच्या पोरीला, शब्द न् शब्द कळत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडणार तोच तिने मागे हात करून माझं मनगट दाबलं. मग तिसऱ्यांदा सांगितलं, ओठ ताणून, सावकाश, गिरणीतल्या बाईला सांगावं तसं. बदल्यात मिशनच्या मुलींचे झगे शिवून देईन, असंही म्हणाली. तेव्हा पाद्रीणबाईंना ऐकू गेलं.

माझा राग तिथेच विरघळला. परत येताना मी तिच्याशी इंग्रजीत बोलू लागले तर तिने ओठांवर बोट ठेवलं.

"माह्याशी इंग्रजी नाही," ती आपल्या मोडक्या वऱ्हाडीत म्हणाली. "एक शबद नाही. नाहीतं जाणार नाही ते."

आणि तिने ते पाळलं. मी पावसाळाभर सकाळी पाद्रीणबाईंकडे जायचे. तोंड कमी उघड. ओठ ताणू नकोस. तळहात तोंडासमोर धर, 'ह' म्हणताना वारा लागला पाहिजे. आवाज खाली. हात हलवू नकोस. संध्याकाळी मडमबाईकडे जायचे, कारण जाणं मला सोडवत नव्हतं. "आली का व?" ती विचारायची. झगे शिवता शिवता पावसापाण्याचं, बाजाराचं, जे काही वऱ्हाडीत सांगता येईल ते सांगायची, आणि शब्द संपले की गप्प बसायची. खूप वेळ गप्प बसायची. आधी जिच्या तोंडाला खळ नसायचा ती बाई. बोलायला एक माणूस मिळालं होतं तेही तिने आपल्या हाताने बंद केलं होतं. एकदा माझ्या तोंडून चुकून 'कुप' निघालं. ती हसली नाही. सुई टोचल्यासारखी दचकली आणि म्हणाली, "नको, माय, नको." मोठेबाबांनी वरवटवाल्यांना तुळशीच्या लग्नापर्यंत थोपवून धरलं होतं, तेही तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या मुलाखतीला तेच टेबल, तीच दोन माणसं. बाईंनी पुन्हा विचारलं, राहतेस तिथलं सांग. मी तेच जीन, तीच रुई, तीच गठाण सांगितली, पण आवाज खाली ठेवून, हात मांडीवर ठेवून. बाईंचा चेहरा उजळला. "छान," त्या म्हणाल्या. "आता तू कुठली आहेस ते ओळखूच येत नाही." ते गृहस्थ पुटपुटले, "मला तर तेव्हाही आवडलं होतं." त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. माझी निवड झाली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू! बाहेर येऊन बाबांना सांगितलं तर ते तिथेच कडुनिंबाखाली मटकन बसले आणि रुमालात तोंड घालून रडले.

नागपूरला जायच्या आदल्या दिवशी मी मडमबाईकडे गेले. हंगामाच्या पहिल्या गाड्या आवारात लागल्या होत्या. ती मागच्या ओट्यावर पाठमोरी बसून वाटाणे सोलत होती. मी मनाशी एक ठरवून गेले होते. आज तिचा नियम मोडायचा. जाता जाता एक वाक्य तिच्या बोलीत बोलायचं, तिच्या बहिणीसारखं, की तुमच्या घरात मला माझ्या घरासारखं वाटलं. तेवढंच तिला देण्यासारखं माझ्याजवळ होतं. वाटेत मी ते दोनदा पुटपुटून पाहिलं होतं आणि नीट आलंही होतं.

ओट्याच्या पायरीशी उभी राहून मी तोंड उघडलं. आवाज निघाला तो पाद्रीणबाईंचा. ओठ जेमतेम हललेले, प्रत्येक 'ह' जागच्या जागी. माझं मलाच कळेना हे कोण बोललं.

मडमबाई ताडकन उठली. मांडीवरचे वाटाणे ओट्यावर सांडले. तिने लगबगीने हात एप्रनला पुसले, केस मागे सारले, नजर खाली घातली आणि म्हणाली, "येस, मॅम."

इतक्या महिन्यांत तिने माझ्याशी बोललेले पहिले इंग्रजी शब्द ते.

मग तिने वर पाहिलं. मी आहे हे तिला दिसलं. तिचा चेहरा मी सांगू शकत नाही.

"मडमबाई, मी हाय ना," मी म्हटलं. "बसा ना. बसा ना व."

मी तिचा हात धरून ओढला, पुन्हा पुन्हा म्हटलं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, "जाय माय, नीट राह्यजो" म्हणाली, पण मी आवाराच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत ती बसली नाही.